आमच्या गावाच्या फळ्यावरचा एक

लातूर जिल्ह्यात, निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या बाजूला माझं माहेर आहे. तिथल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा रंगवलेला आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘गावाची खुशाली’ असं लिहिलंय आणि खाली ओळी आहेत: शाळेत जाणारी मुलं, शौचालयं, लावलेली झाडं, जगलेली झाडं. शेवटच्या दोन आकड्यांत जे अंतर आहे त्यावर कुणी बोलत नाही, मीही बोलत नाही. सगळ्यात खालची ओळ आहे ‘निरीक्षणगृहात असलेली मुलं’. ही ओळ माझ्यामुळं आली. गावातले काही लोक त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. नका बोलू. मला त्या ओळीचा पश्चात्ताप नाही.

माझं सासर नांदेडचं आणि नोकरीही तिथंच. मी परिवीक्षा अधिकारी आहे. अठरा वर्षांच्या आतलं मूल गुन्ह्यात सापडलं की त्याला तुरुंगात नाही, निरीक्षणगृहात ठेवतात. मी त्याच्या घरी जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटायचं, शाळा का सुटली ते शोधायचं, आणि बाल न्याय मंडळाला सांगायचं की ह्याला घरी सोडलं तर सांभाळणारं माणूस आहे की नाही. सरकारी भाषेत ह्या मुलांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द एवढा लांब की तो म्हणून होईपर्यंत बालक सज्ञान व्हायचं. लोक आपले सरळ रिमांड होम म्हणतात, आणि मला रिमांडवाल्या बाई. भाजीवालीसुद्धा भर बाजारात हाक मारते, ‘ओ रिमांडवाल्या बाई, मेथी घ्या.’ आसपासच्या बायका दचकून बघतात आणि मी मेथी घेते.

काही वर्षांमागं नांदेडला एक मोठी बैठक झाली. गावं आणि शहरातल्या वस्त्या कितपत बऱ्या चालल्या आहेत हे मोजायची एक योजना निघाली होती, आणि काय काय मोजायचं ते ठरवायला नांदेड-लातूर, दोन्ही जिल्ह्यांतले लोक आले होते. चहा झाला, शौचालयं झाली, झाडं झाली. मग मी हात वर केला आणि म्हणाले, त्या गावातली किती मुलं आमच्याकडं आत आहेत, तेही मोजा.

सभागृहात अशी शांतता झाली की जणू मी लग्नाच्या पंगतीत दहाव्याचा विषय काढला. माझं म्हणणं मात्र साधं होतं. एखादं पोरगं आमच्या फाटकापर्यंत येतं ते एका दिवसात येत नाही. आधी त्याची शाळा सुटते. मग ते दिवसभर कुठं असतं हे कुणी विचारेनासं होतं. मग ते गाव सोडतं आणि गेल्याचंही कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणजे गावाच्या अंगात तापाची कसर आधीच भरलेली असते, पोरगं हे तिचं शेवटचं लक्षण. घरात कुणाचं अंग तापलं तर आपण ताप मोजतोच की. कळलं तर औषध करता येतं.

ओळ मंजूर झाली. फक्त जाता जाता कुणीतरी तिला गुण जोडले, आणि गुणांना बक्षीस. आकडा शून्य असेल तर पूर्ण गुण, शून्याच्या वर गेला की गुण कापायचे. मी पुन्हा उठले. म्हणाले, गुण नकोत. त्याऐवजी त्या पोराला भेटायला गावातून कुणी गेलं का, ते विचारा. ‘बाई, आता जेवणाची वेळ झाली,’ असं उत्तर मिळालं आणि सगळे ताटांकडं गेले. मी त्या दिवशी जेवले नाही. ही माझी जुनी खोड आहे, आणि पुढं ती कामाला आली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तो आमच्याकडं आला. सोळा वर्षांचा, काटकुळा, हाताच्या नखांत गॅरेजचं काळं ग्रीस. मी समोर बसले तसा तो म्हणाला, “आक्का, मला वळकलं न्हाई का?”

गावात लहानथोर सगळे मला आक्काच म्हणतात. आवाज कानावर पडला आणि मी त्याला ओळखलं. तो आमच्याच रानात वाढलेला. त्याचे वडील आमच्याकडं सालगडी होते. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, त्यांना मुलासारखं मानायची. ते वारल्यावर त्याची आई ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात जायला लागली. पोराची शाळा सुटली. कुणीतरी त्याला नांदेडला विष्णुपुरीच्या वाटेवरच्या एका गॅरेजात लावून दिलं. तिथला मिस्त्री भला माणूस होता, त्यानं काम शिकवलं आणि दुकानातच झोपायला जागा दिली.

पोरानं गुन्हा केला नव्हता, असं मी म्हणणार नाही. दोन मोठ्या पोरांनी चोरलेली मोटरसायकल गॅरेजात आणली आणि ह्याला सांगितलं, देगलूरला नेऊन दे. ती चोरीची आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं नेली, आणि देगलूरच्या नाक्यावर सापडला. मोठे दोघं पळाले. “गाडी लई भारी व्हती, आक्का,” तो मला म्हणाला. एवढं खरं बोलणारं पोरगं मी फार दिवसांनी बघत होते.

आता त्याला सोडवायचं तर कुणाच्या तरी ताब्यात द्यायला हवं. आई टोळीत. मी तिला फोन लावला तेव्हा मागं ट्रॅक्टरचा आवाज चालू होता. “आक्का, मुकादम मदीच सोडंना. तुमीच बगा,” म्हणाली आणि रडायला लागली. मिस्त्री दर भेटीच्या दिवशी यायचा, बाहेरच्या बाकावर बसून राहायचा, पण त्याचंच गॅरेज प्रकरणात आलेलं, त्यामुळं त्याच्या ताब्यात देणं मंडळाला योग्य वाटेना. मंडळ म्हणालं, गावातलं कुणी जबाबदार माणूस उभं राहील का, ते बघून या. मी स्पष्ट सांगितलं की ते माझं माहेर आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. पण दुसरं माणूस होतं कुठं? मीच निघाले.

जाताना मला कसलीच काळजी नव्हती, कारण गावचा सरपंच माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं त्याच्याकडं काम आहे, तर ते चहाच्या कपात होईल असं धरून मी एसटीत खिडकीशी झोप काढली.

ग्रामपंचायतीसमोर उतरले तर फळ्याला नुकताच नवा रंग दिलेला. खालच्या ओळीसमोर भलंमोठं शून्य, गोल गरगरीत.

“हे काय?” मी भावाला विचारलं.

“खुशाली, आक्का. औंदा बक्षीस आपल्यालाच. त्यातनं शाळंला वर्गखोली होतीय.”

“न् ते पोरगं?”

भावानं आधी बाहेर बघितलं, मग आवाज खाली केला. “ते आता आपलं न्हाई. नांदेडला ऱ्हातंय, नांदेडला कमवतंय, नांदेड जिल्ह्यातच सापडलं. ते तिकडचं झालं.”

मी त्याला म्हणाले, मंडळासमोर येऊन एवढंच सांग की पोरगं आमच्या गावचं आहे, आम्ही लक्ष ठेवू. तर तो म्हणाला, तसं सांगितलं की शून्य गेलं. आणि त्यानं चहा मागवला. मी चहा घेतला नाही आणि तसंच बसस्टँडवर येऊन थांबले.

नांदेडला परत आले आणि पोराची हमी कुणी घेईल का म्हणून मिस्त्रीच्या वस्तीतल्या, त्याच योजनेच्या समितीकडं गेले. तिथंही तसाच तक्ता, तसंच शून्य. समितीतला तरुण मोठा अदबशीर होता. “बाई, वो तो लातूरवाला है. आमच्या गिनतीत कसा येईल?” असं म्हणून त्यानंही मला चहा विचारला.

म्हणजे बघा. लातूरकडं शून्य, नांदेडकडं शून्य, आणि आमच्या खिडकीशी गुडघे पोटाशी घेऊन एक पोरगं बसलेलं. दोन्ही गावं खुशाल. मी ताप मोजा म्हणाले होते, तर ह्या लोकांनी आजारी माणसालाच उचलून शेजारच्या घरात नेऊन टाकलं आणि शेजाऱ्यानं त्याला परत अंगणात ठेवलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आहे. इथं आपलाच बाब्या आकड्यासाठी दुसऱ्याचं कार्टं झाला होता. मला इतका संताप आला की घरी जाऊन मी भांडी घासत बसले. आमच्या घरात मी न सांगता भांडी घासायला बसले की कुणी स्वयंपाकघरात येत नाही.

पोरानं दुसऱ्या दिवशी विचारलंच. “गाव काय म्हणलं?”

“बोलणं चालू आहे,” मी म्हणाले.

“म्हंजी न्हाई म्हणले.”

मी फाईल मिटली. त्या दिवसापासून त्यानं गावाचं नाव घेणं सोडलं. कुणी विचारलं, कुठला रे तू, तर म्हणायचा, “लिवा कायबी.” जेवायचा, झोपायचा, सांगितलेलं काम करायचा, पण आवाज असा उतरला की समोर बसूनही ऐकू येईना. आतल्या मुलांना सोडवायला उशीर लागला की ती चिडतात, भांडतात, भिंतीवर डोकं आपटतात. ते मला समजतं. हे गप्प होणं मला सहन होत नाही, कारण असं गप्प झालेलं मूल बाहेर गेलं तरी परत येतं. त्याला कुणाची भीड उरलेली नसते.

एवढ्यात येळवस आली.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात येळवस असते, वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर काय, निलंगा काय, दुकानांना कुलपं लागतात आणि सगळी माणसं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील, सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. मग उभ्या पिकातून आंबील शिंपडत फिरायचं आणि कानडी-मराठी मिसळलेली एक आरोळी द्यायची, जिचा अर्थ आता कुणालाच सांगता येत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा की बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायचीच. कोण, कुठला, कुणाचा हे विचारायचं नाही, आधी आंबिलीचा पेला हातात द्यायचा. आपल्या रानातून त्या दिवशी कुणी उपाशी जाता कामा नये. त्यातून माहेरवाशीण उपाशी गेली तर पुढच्या सालाचा भरवसा नाही, असं अव्वा म्हणायची.

मी अव्वाचं हे बोलणं आठवतच नांदेडहून निघाले. भावाशी बोलणं बंद होतं, तरी येळवसेला माहेरी जायला बोलावणं लागत नाही.

रानात पोचले तर हरभरा फुलावर आलेला आणि ज्वारी डोक्याएवढी. कोपीत दहा-बारा माणसं जेवत होती. भावजयीनं मला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. तिला वाटलं, आक्का आल्या, म्हणजे मिटलं. तिनं घाईघाईनं ताट वाढलं. भज्जीवर तेलाची धार सोडली, माझ्या आवडीची खीर दोन पळ्या जास्त घातली. मी पाटावर बसले, ताटाला नमस्कार केला आणि ते पुढं सरकवलं.

“का ओ आक्का, आंबील आंबट झाली का?”

“आंबील ब्येस हाय. मला जेवायचं न्हाई.”

कोपीतली चावणारी तोंडं थांबली. भाऊ हात न धुताच आला. “आक्का, हे काय लावलंस आजच्या दिशी?”

“आजच्याच दिशी लावायचं हाय. बाकीच्या दिशी तुझ्या हापिसात यावं लागतंय, न् तिथं तू सरपंच असतोस.”

“जेव आदी. मंग बोलू.”

“आत्ता बांधाकडंच्या सडकंनं एसटी गेली. तू हाक मारून ती थांबीवलीस, न् कंडक्टरला आंबील पाजलीस. त्याला इचारलंस का, तू लातूरचा का नांदेडचा?”

भाऊ खरकटा हात धुवायला वळला. मी मात्र थांबणारी नव्हते. मी म्हणाले, हे लेकरू ह्या कोपीत रांगलं. त्याच्या बापानं ह्या रानाची नांगरट केली. आज ते आत बसलंय आणि तू म्हणतोस, आमचं नाही. मग मी तरी तुझी कोण? मीही नांदेडला राहते, नांदेडला कमवते. मीही तिकडची झाले. परक्या घरी मी जेवत नाही.

येळवसेला एका रानातली बातमी दुसऱ्या रानात जायला वेळ लागत नाही, कारण माणसं आंबील चाखत या रानातून त्या रानात फिरतच असतात. ‘सरपंचाची भैन उपाशी बसलीय’ हे दुपारपर्यंत शिवारभर झालं. गावच्या खुशाली समितीतले दोघं-तिघं धावत आले. एकानं वर्गखोलीची आठवण करून दिली. मी म्हणाले, वर्गखोली पाहिजेच. पण जे पोरगं शाळेतून गेलं, ते का आलं नाही हे बघायला तुमच्यातला एकतरी त्याच्या दारात गेला होता का? त्यानं आंबिलीच्या मडक्याकडं बघितलं आणि तिथंच खाली बसला.

मग भावानं खरं काय ते काढलं. “आक्का, तू मला वाईट ठरवायलीस. पर मी त्या लेकराचं भलंच बघितलं. फळ्यावर एक लिवला की उद्या शेंबडं पोरगं बी इचारल, ह्यो एक कोण. गाव केवढं हाय आपलं? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

हे त्याचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, हे मला मान्य करायला हवं. अशा मुलाचं नाव उघड करायचं नाही, असा कायदाच आहे, आणि तो मला पटतो. मी इथंही त्याचं नाव लिहीत नाही आणि गावाचंही नाही. पण नाव झाकणं वेगळं आणि माणूसच झाकून टाकणं वेगळं. शिवाय गावाला काय ठाऊक नव्हतं? पारावर सगळं बोलून झालं होतं. ठाऊक सगळ्यांना होतं, फक्त आपलं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

“मूठ झाक की,” मी म्हणाले. “पर मुठीत लेकरू हाय, बाबा. त्याचा जीव गुदमरायलाय.”

भाऊ उठला. आंबील शिंपडायची वेळ झाली होती. त्यानं घोंगडी डोक्यावर घेतली, आंबिलीचं भांडं उचललं आणि ज्वारीत शिरला. मागं चार माणसं. एक जण आंबील शिंपडत होता आणि बाकीचे आरोळी देत होते, पण ती कशीतरीच, खालच्या आवाजात. पूर्वी हे काम त्या पोराचं असायचं. बापाच्या मागं मागं पळत ते असं ओरडायचं की शेजारच्या तीन रानांतली माणसं हसत उभी राहायची. अव्वा कानात बोटं घालायची आणि म्हणायची, ह्याच्या आवाजानं पाखरं बुजून कर्नाटकात जात्यात.

भाऊ फेरी पुरी करून आला. भांडं खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी मातीत बसला. त्यानं हरभऱ्याचा एक डहाळा उपटला.

“लई मोठ्यांदा वरडायचं ते,” तो म्हणाला.

“हाव.”

“कवा बसतंय तुझं मंडळ?”

मी दिवस सांगितला. मग ताट ओढलं आणि जेवले. भज्जी दोनदा मागून घेतली आणि खीर तीनदा. भावजय वाढता वाढता डोळे पुसत होती.

मंडळाच्या दिवशी भाऊ नांदेडला आला. सभेत माईक हातातून न सोडणारा माणूस, पण तिथं टोपी दोन्ही हातांत धरून दारापाशी उभा राहिला. त्याच्या बाजूला मिस्त्री. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, तरी थोड्या वेळानं दोघं एकाच बाकावर बसून पोराच्या जेवणाखाण्याच्या सवयी बोलत होते.

पोराला आत आणलं. मंडळाच्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “बाळ, गाव कोणतं तुझं?”

तो खाली बघत होता. ‘लिवा कायबी’ त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्याची नजर बाकाकडं गेली. सरपंच उठून उभा राहिला होता.

“सांग की,” भाऊ म्हणाला. “मुकं झालास का?”

पोरानं गावाचं नाव सांगितलं. एवढ्या मोठ्यानं सांगितलं की पलीकडच्या टेबलावरचा कारकून मान वर करून बघायला लागला. खोलीत बसून बोलायचा तो आवाज नव्हताच, तो रानातला होता.

“आमचंच हाय,” भाऊ म्हणाला. “आई येस्तवर माझ्या घरी ऱ्हाईल. तुमी सांगताल तवा मी घिऊन येतो.” मग थांबून म्हणाला, “आदीच यायला पायजे व्हतं.”

मंडळानं अटी घालून त्याला सोडलं. मिस्त्री फाटकापर्यंत आला आणि भावाला म्हणाला, “ले जाव सरपंच साब. मगर हाताला काम असू द्या त्याच्या. काम शिकलेला लडका है.” पोरगं मिस्त्रीच्या गळ्यात पडलं. मी दुसरीकडं बघितलं.

आम्ही तिघं देगलूर, उदगीर करत एसटीनं गावी पोचलो. देगलूरच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा पोरगं सीटवर खाली सरकलं. भावानं पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून त्याच्या मांडीवर ओतल्या आणि म्हणाला, सोल. तो सोलत बसला आणि नाका मागं पडला.

ग्रामपंचायतीसमोर उतरलो तर फळ्यावरचं शून्य गेलं होतं. तिथं एक होता, जरा वाकडा. भावानं निघायच्या दिवशी सकाळी स्वतः रंगवला होता. पोरगं त्याच्याकडं बघत उभं राहिलं. वाचायला एवढा वेळ लागण्यासारखं तिथं काही नव्हतं.

महिन्याभरानं पाहणी करणारे साहेब आले. त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी टाकून गावी गेले होते. त्यांनी फळा वाचला आणि विचारलं, सध्या आत कुणी आहे का? नाही म्हटल्यावर ते खूश झाले. म्हणाले, मग नियमानं शून्यच धरायचं सरपंच, तो एक काढून टाका, तुमचे गुण पूर्ण होतात.

“काढत न्हाई,” भाऊ म्हणाला. “एक गेला व्हता, सायेब. आमी जाऊन आनला. हे लिवायला जागा हाय का तुमच्या तक्त्यात?”

साहेबांनी तक्ता उलटसुलट करून बघितला. जागा नव्हती. त्यांनी ‘माहिती जुळत नाही’ असा शेरा मारला आणि आमच्या गावाचं बक्षीस गेलं. ते ज्या गावाला मिळालं तिथली दोन मुलं तेव्हा लातूरच्या निरीक्षणगृहात होती, आणि त्यांना भेटायला कुणी येत नव्हतं. हे मी दोन्ही जिल्ह्यांच्या प्रत्येक बैठकीत बोलले आहे आणि बोलणार आहे, बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. गाव करील ते राव न करी, ही म्हण आमच्याकडं भाषणात सगळे वापरतात. मग गावानं काय केलं ते मोजा की. राव लोकांचे तक्ते तेवढ्यासाठी थोडे रुंद करा.

वर्गखोली आली नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. गावात कुरकुर झालीच. एका सकाळी समितीतले दोघं भावाकडं आले. म्हणाले, बक्षीस तर गेलंच, आता तो एक कशाला ठेवायचा, येणारेजाणारे बघतात, पोरालाही कानकोंडं होत असेल. हे शेवटचं भावाला पटलं, आणि मलाही पटलं. त्यानं रॉकेलात फडकं बुडवलं आणि फळ्यापाशी गेला.

पोरगं पंचायतीच्या ओट्यावर पंपाची मोटर खोलून बसलं होतं. आता गावातल्या अर्ध्या मोटरी तोच दुरुस्त करतो. त्यानं भावाच्या हातातलं फडकं बघितलं आणि पाना खाली ठेवला.

“ऱ्हाऊ द्या की, सरपंच,” तो म्हणाला. “पुसला की परत इचारतेल, ह्यो कुणाचा म्हणून.”

भावानं फडकं हात पुसायला वापरलं. एक तसाच आहे.